‘हाल्प द्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे

जर्मनीत फोनवर कुणी ‘हाल्प द्राय’ची वेळ दिली, तर ती अडीचची. साडेतीनची नाही. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा, ‘द्राय’ म्हणजे तीन, एवढं शिकून आलेला माणूस पुढे ‘साडे’ लावतो आणि तासभर उशिरा पोचतो. डॉक्टरची वेळ जातेच, वर काही दवाखाने चुकलेल्या वेळेचे पैसेही लावतात. लंडन-डब्लिनमार्गे आलेली मंडळी तर छातीठोकपणे चुकतात, कारण तिकडे ‘हाफ थ्री’ खरंच साडेतीन. मधला ‘पास्ट’ गिळलेला.

डच ‘हाल्फ द्री’, स्वीडिश ‘हाल्व त्रे’ हेही अडीचच. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला, असा हिशेब. आपल्या अडीचचं मूळही हेच आहे: अर्धतृतीय. औटकीतलं (साडेतीनच्या पाढ्यातलं) औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. जर्मनीत तेच ‘हाल्प फिअर’, फिअर म्हणजे चार. तेव्हा इंग्रजीचा वळसा घेऊ नका, पाढ्यातून जा.

‘फ्युन्फ फोर हाल्प द्राय’ म्हणजे अडीचला पाच कमी, 2:25. जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी ‘फिर्टल द्राय’ म्हणजे सव्वादोन, ‘द्रायफिर्टल द्राय’ म्हणजे पावणेतीन. नेदरलँड्समध्ये ‘तीन ओव्हर हाल्फ द्री’ ऐकून गडबडू नका: तिथे ‘तीन’ म्हणजे दहा, वेळ 2:40.

उपाय एकच. मान डोलावून फोन ठेवायचा नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात उलट विचारायची: ‘फिअरत्सेन ऊअर द्रायसिख?’ म्हणजे 14:30? यात कुणालाही राग येत नाही. ‘चुकीचं समजलं’ ही सबब मात्र इथे चालत नाही.

डेन्मार्कला जाणाऱ्यांनी आकडेही पाठ करावेत. तिथे पन्नास ते नव्वद ही दशकं विसाच्या पटीत: ‘हॅलट्रेस’ म्हणजे अडीच विसा, 50. ‘हॅलफ्येर्स’ औट विसा, 70. ‘हॅलफेम्स’ साडेचार विसा, 90. दुकानात ‘हॅल’ ऐकून किंमत निम्मी झाली असं समजू नये.

जर्मनमधल्या ‘आउसरहाल्प’ (बाहेर) आणि ‘देसहाल्प’ (म्हणून) यांत अर्धं काही शोधू नका. ‘हाल्प’चा जुना अर्थ ‘बाजू’ होता, तो तिथे उरलाय.