नाशिकमध्ये गोल्फ शिकायचं आहे? कोच असा पारखा

नाशिकमध्ये राहून गोल्फ शिकायचं, तर आठवड्यातून तीनदा कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, जाणं बहुतेकांना जमणार नाही. शहरात ज्याला सगळे ‘गोल्फ क्लब’ म्हणतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने होतात, सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ शिकायला तिकडे जाऊन उपयोग नाही. देवळालीकडे लष्करी हद्दीतला कोर्स आहे, पण तिथला प्रवेश त्यांच्या नियमांनी होतो. बाहेरच्यांना कधी, कोणत्या ओळखपत्रावर आणि कोणासोबत येता येतं, हे फी भरण्याआधी विचारून घ्या. पूर्ण कोर्सवर खेळायला म्हणून पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब किंवा नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली गाठायचा, तर एका बाजूचे चार-पाच तास धरावे लागतात.

म्हणून इथल्या शिकणाऱ्याने कोच निवडताना एका गोष्टीला सर्वांत जास्त वजन द्यावं: दोन धड्यांच्या मधल्या दिवसांत तुम्ही एकट्याने काय करायचं, हे तो नेमकं सांगतो का? मैदान भारी आणि गृहपाठ शून्य असेल, तर महिनाभरात तुम्ही होता तिथेच असाल. आधी माणूस पाहा, मग जागा.

कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ. इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेली नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही संस्था कोचना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देते. ते आहे का, कोणत्या श्रेणीचं आहे आणि कधीचं आहे, हे सरळ विचारा. चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही. ‘मी पीजीटीआय खेळलोय’ हे उत्तर मात्र वेगळं आहे. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया ही खेळाडूंची स्पर्धामालिका आहे. तिथे खेळलेला माणूस उत्तम फटके मारतो एवढं त्यावरून कळतं, शिकवता येतं की नाही ते कळत नाही. आपल्याकडे कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) म्हणून सुरुवात करून कोच झालेले बरेच जण आहेत आणि त्यांच्यातल्या काहींची नजर फार तयार असते. केवळ प्रमाणपत्र नाही म्हणून अशा माणसाला नाकारू नका. त्याला शिकवताना पाहा आणि मग ठरवा.

धडा बघायला परवानगी मागा, आणि तोही नवशिक्याचा. बरा खेळणारा कोणाच्याही हाताखाली बरा दिसतो. बाजूला उभं राहून पहिली दहा मिनिटं नीट बघा. चांगला कोच सुरुवातीला बोलत कमी आणि विचारत जास्त असतो: पाठ, गुडघा, खांदा कधी दुखावलाय का, आधी क्रिकेट किंवा हॉकी खेळलात का, आठवड्यात किती वेळ देऊ शकता. (क्रिकेट खेळलेल्याची पकड घट्ट असते आणि फटक्यात खालचा हात जोर करतो. हे माहीत असेल तर कोचचे दोन धडे वाचतात.) मग तो आठ-दहा बॉल मारायला लावतो आणि मधे न टोकता पाहतो. नंतर एकच गोष्ट बदलायला सांगतो, फार तर दोन. एका तासात ग्रिप (पकड), स्टान्स (उभं राहण्याची ढब), खांद्याचं वळण आणि मनगट असं सगळं बदलायला लावणाऱ्याकडून उठून यावं. इतक्या सूचना डोक्यात ठेवून शरीर हलत नाही. ‘डोकं खाली ठेवा, डोकं खाली ठेवा’ एवढंच ऐकू येत असेल तरी तसंच. बॉलच्या वर फटका लागण्याचं कारण बहुधा डोकं उचलणं हे नसतं. फटक्याच्या क्षणी कोपर आखडतं किंवा वजन मागच्या पायावर राहतं. डोकं दाबून धरल्याने उलट खांदे फिरायचे थांबतात.

कारण शोधायला कोच कोणती साधनं वापरतो, तेही पाहा. महागडं यंत्र नसलं तरी चालेल. बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढून तो क्लबफेसकडे (क्लब म्हणजे गोल्फची काठी, फेस म्हणजे तिचा बॉलला लागणारा भाग) ठेवला, की फटक्यानंतर फेसवर ठिपका उमटतो आणि बॉल नेमका कुठे लागला ते दिसतं. ड्रायव्हरवर (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबवर) टाचेकडे, म्हणजे दांडीजवळच्या बाजूला, लागलेला बॉल उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी उजवीकडे वळतो, स्विंग ठीक असला तरी. ज्या कोचने ठिपका पाहिलाच नाही, तो अशा वेळी चांगला स्विंग मोडून ठेवतो. तसाच हातमोजा. तो तळव्याच्या टाचेकडे फाटला असेल, तर क्लब बोटांऐवजी तळव्यात धरला जातोय आणि स्विंगमध्ये हातात सरकतोय. तुमचा जुना हातमोजा मागून उलटसुलट बघणारा कोच भेटला, तर तो सहसा कामाचा निघतो.

आता एक प्रश्न विचारा: ‘उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल निशाण्याच्या उजवीकडे सुरू होतो आणि आणखी उजवीकडे वळतो, कशामुळे?’ बरोबर उत्तराचा गाभा असा: बॉल सुरू होण्याची दिशा मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबफेस कुठे पाहतोय त्यावर ठरते, आणि फेसची दिशा व स्विंगचा मार्ग यांत जो फरक असतो त्यानुसार बॉल वळतो. इथे फेस निशाण्याच्या उजवीकडे उघडा आहे आणि स्विंगचा मार्ग फेसच्या मानाने डावीकडे आहे. जुन्या शिकवणीत याच्या उलट सांगत, की बॉल स्विंगच्या दिशेने सुटतो आणि शेवटी फेसच्या दिशेने वळतो. रडारने बॉलचा मार्ग मोजता यायला लागल्यावर ते चुकीचं ठरलं. कोच अजून जुनंच सांगत असेल, तर तो या स्लाइससाठी (बॉलच्या अशा उजवीकडे वळण्यासाठी) आधी स्विंगचा मार्ग आणखी डावीकडे न्यायला लावेल आणि फेस उघडाच राहील. बॉल पहिल्यापेक्षा जास्त उजवीकडे जाईल.

गृहपाठाची पारख अशी. पहिल्या धड्याच्या शेवटी कोचने काय करायचं, किती वेळा आणि बरोबर झालं हे कसं ओळखायचं, या तिन्ही गोष्टी सांगायला हव्यात. ‘रोज थोडा सराव करा’ याला गृहपाठ म्हणत नाहीत. नाशिकमधल्या फ्लॅटमध्ये सहज जमण्यासारखं खूप आहे. पटिंगसाठी (बॉल होलकडे हलकेच घरंगळत नेण्याच्या फटक्यासाठी) सतरंजी किंवा कमी केसांचा गालिचा घ्या. फरशीवर बॉल घरंगळतो आणि हाताला चुकीचा अंदाज बसतो. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. स्टीलच्या साध्या पेल्याचं तोंड त्याहून लहान असतं, म्हणून दीड मीटरवर आडव्या ठेवलेल्या पेल्यात दहापैकी सहा बॉल जाऊ लागले की मैदानावरचा होल मोठा वाटतो. गवताचा तुकडा मिळत असेल तर फक्कीची एक रेघ मारा. रेघेवर बॉल आहे असं समजून 7 नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) वीस स्विंग करा. गवत रेघेच्या पुढे, निशाण्याच्या बाजूला निघालं पाहिजे. मागे निघत असेल तर वजन पुढच्या पायावर येत नाहीये. गच्चीवर रिकामा स्विंग करताना मागेपुढे कोणी नाही ना, हे दर वेळी बघा.

मधल्या दिवसांत व्हिडिओ पाठवला तर कोच पाहणार का, हेही ठरवून घ्या. व्हिडिओ कसा घ्यायचा ते त्याने स्वतः दाखवायला हवं. मोबाइल हातांच्या उंचीवर, स्टँडवर, स्लो मोशनमध्ये. एक कोन समोरून आणि एक मागून, जिथे कॅमेरा हातांच्या रेषेत आणि निशाण्याच्या दिशेला समांतर असतो. मागचा कॅमेरा फूटभर जरी इकडेतिकडे झाला, तरी सरळ स्विंग वाकडा दिसतो आणि नसलेल्या दोषावर महिना जातो.

जागेबद्दल थोडक्यात. रेंजवर (बॉल मारायच्या सरावाच्या जागेवर) फक्त मॅट असेल तर सावध राहा. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला, तरी रबरावरून घसरत बॉलला लागतो. आवाज जरा बोदा येतो, पण बॉल जातो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. गवतावर तोच फटका जमिनीत रुततो. काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ मॅटवर शेकडो बॉल मारले तर कोपर आणि मनगट दुखतं. निदान चिपिंगसाठी (होलजवळच्या छोट्या उडत्या फटक्यांसाठी) गवत आणि पटिंगसाठी छोटं ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) असावं. सिम्युलेटर (बंद खोलीत पडद्यावर बॉल मारायची सोय) पावसाळ्यात उपयोगी पडतो, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानाचा भरवसा नसतो. मात्र छत किमान तीन मीटर उंच हवं, नाहीतर उंच माणूस नकळत स्विंग आखडतो. पटिंग तिथे शिकू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत संपणारी वेळ घ्या. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की कोचने त्याच क्षणी सगळ्यांना आत न्यायला हवं. हातात धातूचा क्लब आणि मोकळं मैदान, यात ‘अजून पाच बॉल’ला जागा नाही.

पैसे देताना दहा-वीस धड्यांचं पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नका. एक धडा घ्या, पटलं तर पुढचे चार. रेंजचे बॉल, क्लबचं भाडं आणि ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे पैसे) वेगळी आहे का, पावसाने धडा बुडाला तर पुढे मिळतो का, आणि कोच स्वतः शिकवणार की त्याचा मदतनीस, हे लिहून घ्या. पाच धड्यांमागे एखादा प्रत्यक्ष कोर्सवरचा धडा असेल तर उत्तम. नियमाप्रमाणे बॅगेत 14 क्लब चालतात, पण सुरुवातीला 7 नंबरचं आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) आणि पटर पुरतात. पहिल्याच आठवड्यात पूर्ण सेट विकायला काढणाऱ्या कोचचं लक्ष तुमच्या स्विंगवर नाही.

मुलांसाठी निवडताना नियम आणखी कडक ठेवा. एका कोचमागे सहापेक्षा जास्त मुलं नकोत. सगळी एका रेषेत, एकमेकांपासून निदान तीन मीटरवर उभी हवीत, आणि कोचने सांगितल्याशिवाय कोणीही बॉल आणायला पुढे जायचं नाही. हा नियम मोडलेला दिसला तर नाव घालू नका. मोठ्यांचा क्लब कापून मुलाला देणंही टाळा. दांडी आखूड होते, पण वजन आणि कडकपणा तसाच राहतो, मग मूल अंग वाकडं करून तो फिरवायला शिकतं. धडा पालकांना दिसेल अशा जागी व्हावा. हात धरून दाखवण्याआधी कोचने विचारलं पाहिजे. ही अपेक्षा मोठ्यांनीही ठेवावी.

ग्रिप बदलल्यावर पहिले तीन-चार आठवडे बॉल आधीपेक्षा वाईट जातो. तेवढ्यावरून कोच सोडू नका, पण असं होणार हे त्याने आधी सांगितलेलं असावं. पहिल्या दिवशी 7 नंबरच्या आयर्नने वीस बॉल मारून किती वीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात राहिले ते लिहून ठेवा आणि सहाव्या धड्यानंतर तसंच पुन्हा मोजा. आकडा हललाच नसेल आणि दर आठवड्याला नवा दोष, नवा उपाय निघत असेल, तर नम्रपणे थांबा. जाताना आपले व्हिडिओ आणि गृहपाठाची वही पुढच्या कोचकडे न्या, म्हणजे त्याला पुन्हा ग्रिपपासून सुरुवात करावी लागणार नाही.