जुन्या गाडीचे मागचे शॉकअप घरी बदलायचे तर

कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना खड्ड्यातून गेलेली गाडी मागून डुलतच राहिली, की शॉकअप संपले म्हणून समजा. खात्री करायला डिकीच्या कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन सोडा. गाडी वर येऊन तिथंच थांबली तर ठीक. पुन्हापुन्हा वरखाली झाली तर वाकून खाली बघा. गळका शॉकअप तेलानं ओला असतो आणि त्यावर धुळीचं काळं किटण बसलेलं असतं. एकच गळत असला तरी जोडीच बदला.

माझ्या २००९ च्या अल्टोला मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. म्हणून हे काम अंगणात जमतं. तुमच्या गाडीत स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल, तर मात्र गॅरेजलाच न्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडेल.

साताऱ्याच्या पावसात खालचे बोल्ट गंजून धरतात. आदल्या रात्रीच त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा, फक्त ब्रेकवर उडू देऊ नका.

गाडी सपाट, कडक जागी लावा. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, त्यामुळे मागचा भाग उचलल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅकनं उचलून बॉडीखाली स्टँड द्या आणि चाक काढा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आता दुसरा जॅक ॲक्सलखाली, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, टेकवा. अशा गाडीत ॲक्सलला खाली लोंबण्यापासून शॉकअपच अडवतो. आधार न देता बोल्ट काढला तर ब्रेकचा पाइप ताणला जातो, स्प्रिंगही निसटू शकते.

एका वेळी एकच बाजू खोला. वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या अस्तरामागे असतो. नटाबरोबर शॉकअपची दांडीही फिरायला लागली तर तिचं टोक दुसऱ्या पान्यानं धरा. वॉशर आणि रबरी बुश ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फडक्यावर मांडत चला, फोटोही काढा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबा-सोडा, मग बसवा. बोल्ट भिडत नसेल तर ॲक्सलखालचा जॅक थोडा वरखाली करा.

खालचा बोल्ट आता पूर्ण आवळू नका. चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, तिचा भार बसू द्या आणि मगच तो शेवटचा आवळा. माझ्या गाडीचा बोल्ट एका गॅरेजमध्ये चाक लोंबत असतानाच पूर्ण आवळला होता. गाडी खाली आल्यावर बुशाला पीळ पडला आणि एका पावसाळ्यात रबर फाटलं. महागाचे शॉकअप घेऊनही मागून खडखड सुरूच.

चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमानं आवळा. एक फेरी मारून सगळं पुन्हा तपासा. काढलेले शॉकअप गॅसचे असतील तर कापू किंवा तापवू नका. भंगारवाल्यालाही तसं बजावून सांगा.