टाहोच्या बर्फात पिकअपसाठी टायर चेन निवडताना

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून सिएरा नेवाडा डोंगरातल्या टाहोला निघालेला आय-८० महामार्ग डोनर समिटजवळ साधारण ७,२०० फुटांवर पोचतो; यूएस-५० इको समिटला त्याहूनही थोडा वर जातो. पॅसिफिकवरून आलेली वादळं इथे टाकतात तो बर्फ ओला आणि जड असतो. तिथे त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. टायरच्या खाचांत तो गच्च बसतो, दुपारी वितळतो आणि रात्री गोठून रस्ता निसरडा करतो. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप चढ सहज चढते, म्हणून अनेकांना चेनची, म्हणजे पकडीसाठी टायरभोवती बांधायच्या साखळ्यांची, गरज वाटत नाही. पण ब्रेक दाबल्यावर फोर-व्हील ड्राइव्ह काहीच मदत करत नाही. उतारावर गाडी आवरते ती टायर आणि रस्त्यामधल्या पकडीने, आणि चेन घ्यायची ती त्यासाठीच.

आधी नियम थोडक्यात. कॅल्ट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याच्या, पाट्यांवर तीन पातळ्या दिसतात. आर-१ म्हणजे इंजिन फिरवतं त्या चाकांवर चेन किंवा स्नो टायर हवेत. फोर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्हला सूट. आर-२ मध्ये चेन सगळ्यांना लागते. चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या तेवढ्या सुटतात. टायरच्या कडेवर ‘एम+एस’ किंवा डोंगर-हिमकणाची खूण असली की तो स्नो टायर धरतात. आर-३ मध्ये कुणालाच सूट नाही, पण ती वेळ येण्याआधी बहुतेकदा रस्ताच बंद होतो. सूट मिळाली तरी चेन गाडीत असावीच लागते, आणि ही सूट जड ट्रकना मिळेलच असं नाही. निघण्यापूर्वी आणि वाटेत थांबाल तेव्हा क्विकमॅप हा कॅल्ट्रान्सचा ऑनलाइन नकाशा पाहा, कारण नियंत्रणाची हद्द तासाभरात सरकते.

माप टायरचं, गाडीचं नव्हे

दुकानात ‘टॅकोमासाठी द्या’ किंवा ‘एफ-१५० साठी द्या’ म्हणू नका. एकाच मॉडेलवर कारखान्यातूनच तीन-चार मापांचे टायर येतात, शिवाय आधीच्या मालकाने ते बदललेले असू शकतात. गाडीवर आत्ता जो टायर आहे त्याच्या कडेवरचा आकडा अक्षरांसकट लिहून घ्या: उदाहरणार्थ एलटी २६५/७० आर १७. ‘पी’ (प्रवासी गाडी) आणि ‘एलटी’ (हलका ट्रक) टायरवर आकडे तेच असले तरी चेनच्या डब्यावरच्या तक्त्यात त्यांच्यासाठी कधी कधी वेगळा क्रमांक असतो. मोठ्या गोट्यांचा ऑफ-रोड टायर प्रत्यक्षात आकड्याहून थोडा जाडही भरतो. तक्त्यात तुमचं माप नसेल तर ‘थोडी मोठी घेऊ, आवळून बसवू’ असं करू नका. सैल चेन घसरून आतल्या बाजूला जाते आणि तिथे असतात ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर.

मोकळी जागा मोजा

चेन किती मजबूत घ्यायची हे शेवटी टायरभोवतीची जागा ठरवते. अमेरिकेत चेनचे तीन वर्ग आहेत. एस वर्गाला टायरच्या माथ्यावर ३७ मिमी आणि आतल्या कडेला १५ मिमी जागा पुरते. यू वर्गाला ५० आणि २३ मिमी लागते. डब्ल्यू वर्गाला ६४ आणि ३८ मिमी. पिकअपला शक्यतो डब्ल्यू घ्या. जाड कड्या वजनदार गाडीखाली टिकतात. पण जागा असेल तरच.

मोजणं सोपं आहे. हौद्यात नेहमीचं सामान ठेवा, कारण भाराने पाटे दबतात आणि माथ्यावरची जागा कमी होते. मग टू-बाय-फोर लाकडाचा तुकडा घ्या. त्याची खरी जाडी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. टायरची आतली कड आणि तिच्या सर्वांत जवळचा भाग, म्हणजे पाटे, शॉक ॲब्सॉर्बर किंवा होज, यांच्यामध्ये तो अलगद सरकला तर कडेला डब्ल्यूपुरती जागा आहे; माथ्यावर ६४ मिमी आहे का तेही मोजा. अडकला तर यू किंवा एस पाहा. रुंद टायर किंवा बाहेर काढलेले रिम बसवले असतील तर कंपनीचे आकडे विसरा आणि स्वतः मोजा.

गाडीची पुस्तिका या सगळ्याच्या वर. काही पिकअपमध्ये ठरावीक टायर मापांवर चेन लावायलाच मनाई असते, आणि पुढच्या चाकांवर मनाई तर बऱ्याच पिकअपमध्ये असते.

कोणत्या घडणीची

शिडीसारख्या आडव्या साखळ्यांची चेन स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. सरळ चढउतारावर ती उत्तम चालते, पण दोन आडव्या साखळ्यांमधला टायर उघडाच राहतो, त्यामुळे वळणावर गाडी बाजूला सरकू शकते. चौकटीच्या नक्षीची चेन टायरवर सतत टेकलेली राहते. ती कमी दणके देते आणि वळणातही धरते. टाहोच्या घाटात आमची पसंती हिलाच, जास्त पैसे मोजावे लागले तरी. तारेच्या दोराची केबल चेन हलकी आणि बारीक. जागा कमी असेल तेव्हाच ती घ्या. आडव्या कड्यांवर दात असलेली व्ही-बार चेन कडक बर्फावर जबरदस्त पकडते, पण उघड्या डांबरावर खूप हादरे देते.

कोणत्या चाकांना

टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला मागच्या. फोर-व्हीलला एकच जोडी असेल तरीही मागच्याच, पुस्तिका वेगळं सांगत नसेल तर. रिकाम्या हौद्याची मागची बाजू हलकी असते. चेन फक्त पुढे असली तर उतारावर ब्रेक लागताच पुढची चाकं धरतात आणि मागची बाजू फिरून पुढे येते. पुढच्या चाकांवर मनाई नसेल तर दोन जोड्या सर्वांत चांगल्या. हौदा रिकामा असेल तर ६० पौंडांच्या वाळूच्या चार-पाच पिशव्या मागच्या ॲक्सलच्या वर ठेवून पट्ट्याने बांधा. अगदी फाळक्याजवळ ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ढिलं पडतं. न बांधलेली पिशवी जोराच्या ब्रेकला हौद्यात धडकत जाते.

बसवताना

घरी कोरड्या जागेत एकदा तरी बसवून पाहा. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी, ट्रकच्या शेजारी बसून पहिल्यांदाच शिकायची ही गोष्ट नव्हे. रस्त्याच्या पूर्ण कडेला, सपाट जागी थांबा, हँडब्रेक लावा. चेन आधी जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकची उघडी बाजू टायरपासून दूर हवी. आत वळली तर टायर कापते. चेन माथ्यावरून सोडा, आडव्या साखळ्या सरळ करा, मग गाडी फूट-दीड फूट पुढे घ्या. आधी आतला हुक, नंतर बाहेरचा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ढिली राहिली तर चेन बाहेर सरकते, म्हणून आतलीच जास्त काळजीने ओढा. कॅम (चेन आवळायच्या चकत्या) असतील तर चावीने सगळे सारखे फिरवा. चेन आपोआप आवळणारी असेल तर रबर टेन्शनर (चेन ताणून धरणारा रबर) सहसा लावायचा नसतो; तिच्या पत्रकात पाहा. उरलेलं टोक प्लास्टिक टायने बांधा. बसावी म्हणून टायरमधली हवा कमी करू नका.

अर्धा किलोमीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. हे टाळलं तर चेन सैल होऊन तुटू शकते.

आय-८० वर पैसे घेऊन चेन बसवून देणारे लोक उभे असतात. त्यांच्याकडे कॅल्ट्रान्सचा परवाना आणि क्रमांकाचा बिल्ला असतो. ते चेन विकत किंवा भाड्याने देऊ शकत नाहीत, म्हणून जोडी तुमच्याकडेच हवी. बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या.

चालवताना

वेग पाटीवर असेल तो: ताशी २५ किंवा ३० मैल. चेनला बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. ३० वरून ४५ वर गेलात तर ते सव्वादोन पट होतं. चाक जागीच फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक अचानक डांबराला लागलं की आडवी साखळी तुटते. मडगार्डमध्ये ठकठक ऐकू आली तर लगेच थांबा आणि तुटलेला तुकडा कापा किंवा सुट्या कडीने जोडा. ‘चेन नियंत्रण संपले’ ही पाटी मागे गेली की सुरक्षित जागा पाहून चेन काढा. कोरड्या डांबरावर काही मैलांतच कड्या झिजतात.

घरी आल्यावर साध्या कोमट पाण्याने मीठ आणि चिखल धुवा, पूर्ण वाळवा, कड्यांना हलकं तेल लावा. आडव्या साखळीची कडी झिजून निम्म्याच्या जवळ आली असेल तर पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका, तेव्हाच बदला.