ठसा शेवटी वाचावा: जुन्या मोटारीचे मूळ भाग ओळखू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

जुन्या मोटारी मूळ स्थितीत आणण्याच्या कामात येऊ इच्छिणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न कंपनीचा भाग आणि डुप्लिकेट भाग ओळखायचा कसा, हाच असतो. भागावरचे नाव, क्रमांक किंवा मुद्रा कशी तपासायची ते मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असते. मी मात्र त्यांना ठसा सर्वांत शेवटी वाचायला सांगतो, कारण नक्कल करणारा माणूस सर्वाधिक मेहनत ठशावरच घेतो. भाग ज्या रीतीने घडला त्या रीतीच्या खुणा त्याच्या पाठीवर, कडांवर आणि भोकांत राहतात आणि त्या लपवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. म्हणून या व्यवसायात मोटारींची माहिती जितकी लागते, तितकीच धातू कसा ओततात, पत्रा कसा दाबतात आणि आटे कसे पाडतात याची समजही लागते.

हे शिकायला सोलापूर चांगले ठिकाण आहे. किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना येथे आहे, 1992 साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स येथलीच आहे, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारी लहान वर्कशॉपही आहेत. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम अवश्य करावा, पण जमल्यास त्यानंतर काही काळ एखाद्या फाउंड्रीत किंवा टर्नरच्या हाताखाली काढावा. रेतीच्या साच्यातून निघालेला भाग आणि दाबाखाली पोलादी साच्यात ओतलेला भाग हातात घेताच वेगळे वाटू लागले, की या कामाचा पाया पक्का झाला. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या गाड्या आजही सर्वांत जास्त दुरुस्तीला येतात, ती कंपनी 1944 साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला होता. येथल्या मुलांनी या कामाकडे परके म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

दाराच्या मुठीचे उदाहरण घेऊ. साठच्या दशकातील अनेक मोटारींच्या मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या असत आणि पोलादी साच्यात दाबाने ओतलेल्या असत. अशी मूठ उलटी करून पाहिल्यास आतल्या बरगड्या पातळ आणि धारदार दिसतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांच्या लहान गोल खुणा स्पष्ट उमटलेल्या असतात. तीच मूठ कोणी रेतीत ओतून तयार केली असेल, तर पाठ खरखरीत राहते, बरगड्या जाड आणि बोथट होतात, गोल खुणा नसतात, आणि त्यांच्या जागी कानशीचे तिरपे ओरखडे दिसतात. पितळेची नक्कल हाताला जड लागते, ॲल्युमिनियमची फारच हलकी. लोहचुंबक या तिन्हींना चिकटत नाही, त्यामुळे येथे त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. वजनकाटा आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात घेतलेला एक बारीक ओरखडा अधिक विश्वासार्ह ठरतो.

यापुढची कसोटी व्हर्नियरची, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या मोजपट्टीची, आणि ती मला सर्वांत आवडते. नक्कल करणारा बहुधा मूळ भागालाच नमुना म्हणून रेतीत दाबतो. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, ॲल्युमिनियम साधारण 1.3 टक्के आणि पितळ त्याहून थोडे अधिक. याचा अर्थ 150 मिलिमीटर लांबीच्या मूळ भागावरून ॲल्युमिनियमची नक्कल केली, तर ती सुमारे 2 मिलिमीटर आखूड भरते, आणि त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर आणखी आखूड. अक्षरे पुसट होतात, कडा गोल होतात, आणि दोन बोल्टांच्या भोकांमधले अंतर चुकू नये म्हणून भोके नंतर वेगळी पाडलेली असतात, त्यामुळे ती आपल्या उंचवट्याच्या मध्यावर बसत नाहीत. ज्याने ही सरकलेली भोके एकदा नीट पाहिली, त्याला पुढे ती लांबूनही दिसतात.

आट्यांच्या बाबतीत काम सोपे आहे. फियाटच्या घराण्यातील गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात, तर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या जुन्या अँबॅसॅडरच्या इंजिनाला इंचांचे. अशा जुन्या इंजिनावर मिलिमीटरचा बोल्ट निघाला, की तेथे कोणाचा तरी हात लागलेला आहे आणि शेजारचा भागही संशयाने पाहावा.

पत्र्याच्या कामात मात्र घाई करू नये. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे ठरावीक अंतरावर, एका ओळीत असतात. गॅस वेल्डिंगची लहर, पितळेचा पिवळा सांधा किंवा घासून सपाट केलेला वेल्डिंगचा उंचवटा दिसला, तर तो पत्रा नंतर बसवलेला आहे. पत्र्यावर लांबी, म्हणजे खळगे बुजवणारी पुट्टी, किती भरली आहे ते कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवून कळते. मूळ रंगाचा पुरावा काचेच्या रबराखाली, दाराच्या पायपट्टीखाली आणि डॅशबोर्डच्या मागे सापडतो. आपल्या कोरड्या उन्हात रबर आणि लाकूड तडकते, पण पत्रा समुद्रकाठच्या मानाने चांगला टिकतो. म्हणून कायम सोलापुरात राहिलेल्या गाडीचा एकच मडगार्ड आतून गंजाने चाळणी झालेला असेल, तर तो दुसऱ्या गाडीवरून आलेला असण्याची शक्यता मी आधी धरतो.

नवोदितांची सर्वाधिक फसगत जीपच्या बाबतीत होते. दुसऱ्या महायुद्धातील जीप म्हणून दाखवली जाणारी गाडी पुष्कळदा नंतरची नागरी जीप असते. युद्धकाळातील विलीज एमबी या जीपच्या तोंडावरील पत्र्याच्या जाळीला 9 उभ्या फटी असतात आणि दिवे जाळीच्या मागे, बिजागरीवर बसवलेले असतात. नागरी सीजे मालिकेतल्या जाळीला 7 फटी असतात. एमबीला मागे उघडणारे फळके नसते आणि जादा चाक मागच्या बाजूला असते. पण जाळी बदलता येते, आणि पूर्ण बॉडीसुद्धा नवी मिळते, कारण फिलिपिन्समध्ये तशी बॉडी आजही तयार होते. तेव्हा खाली वाकून चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, पाहावी. विलीजच्या चासीचा अगदी पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर त्याच नमुन्यावर फोर्डने केलेल्या जीपीडब्ल्यूचा दांडा उलट्या पन्हाळीच्या आकाराचा असतो. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, वळणदार एफ हे अक्षर उमटवले होते. गोल नळीच्या चासीवर एफ अक्षराचे बोल्ट दिसले तर दोन गाड्यांची सरमिसळ झाली आहे. युद्धकाळात सैनिकी कार्यशाळांतही अशी सरमिसळ होत असे, त्यामुळे ती फसवणूक ठरत नाही, पण ग्राहकाला ती सांगितलीच पाहिजे.

मूळ या शब्दाने नेमके काय समजायचे, हेही ठरवून घ्यावे लागते. आपल्याकडे ज्यांना डुक्कर फियाट म्हणतात त्या पन्नाशीच्या दशकातील फियाट 1100 या मॉडेलच्या गाड्या आणि सत्तरीनंतरच्या प्रीमियर पद्मिनी यांत बराच फरक आहे. सुरुवातीला बाहेरून आलेले भाग हळूहळू येथे तयार होऊ लागले. इटलीहून महागडा भाग मागवून उत्तरकाळातील पद्मिनीला बसवला, तर तो दर्जाने कितीही चांगला असो, त्या गाडीचा मूळ भाग होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी त्या वर्षी ज्या भागांसह बाहेर पडली, तेच तिचे मूळ भाग. यासाठी त्या वर्षाचे कंपनीचे स्पेअर पार्ट्सचे पुस्तक मिळवावे आणि त्यातील आकृत्या गाडीशी ताडून पाहाव्यात.

कायद्यानेही याला आता वजन आले आहे. केंद्र सरकारने 2021 साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या वाहनाला व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. चासी क्रमांक पुसट झाला म्हणून तो पुन्हा ठोकून देण्याची विनंती कोणी केली, तर ते काम हाती घेऊ नये, मग गिऱ्हाईक कितीही जवळचे असो.

जुन्या भागांचा आग्रह ब्रेकपाशी थांबला पाहिजे. कित्येक दशके खोक्यात पडून राहिलेला, कधीही न वापरलेला कंपनीचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेकची रबरी नळी, किंवा व्हील सिलिंडरचे रबर मूळ असले तरी निकामी असते. तेथे नवा माल वापरावा. टायरलाही हाच नियम. जुन्या ब्रेक लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रमची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

गाडी खोलताना प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, पिशवीवर चिठ्ठी लावावी, आणि काहीही सँडब्लास्टिंगला पाठवण्यापूर्वी त्यावरील खडूच्या, रंगाच्या आणि तपासनिसाच्या खुणा टिपून घ्याव्यात, कारण एकदा रेतीचा मारा झाला की हा पुरावा परत मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला भाग व्यवस्थित बसेपर्यंत काढलेला तुटका भाग भंगारात देऊ नये. मापे घ्यायला पुढे तोच उपयोगी पडतो.

बिल करताना मी भागांची तीन गटांत नोंद करतो: गाडीवरचाच मूळ भाग, त्याच काळातील दुसरीकडून आणलेला भाग, आणि नवी नक्कल. आमच्याकडे ओतून घेतलेल्या प्रत्येक भागाच्या न दिसणाऱ्या बाजूवर चालू वर्षाचे अंक कोरलेले असतात. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला लेथवर उभे करण्यापूर्वी मी हे अंक कोरण्याचे काम देतो.