स्टूल सॅम्पलमधले मेटाबोलाइट (शरीर आणि बॅक्टेरिया बनवतात ते छोटे रेणू) मोजायचेत? मग सुरुवात डबीपासून करा

मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) कितीही भारी असू दे, सॅम्पल तासनतास बाहेर पडून राहिलं असेल तर पुढे काही करून उपयोग नाही. स्टूलमधले बॅक्टेरिया जिवंत असतात, डबीत गेल्यावरही त्यांचं फर्मेंटेशन चालूच राहतं, म्हणजे तुम्ही पेशंटचं पोट नाही तर डबीत काय घडलं ते मोजत बसता. त्यामुळे सॅम्पल लगेच बर्फावर घ्या, नीट कालवून एकजीव करा (एकाच टोकाचा तुकडा घेतला तर आकडे वेगळे येतात), छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० डिग्रीला टाका आणि प्रत्येक ट्यूब एकदाच वितळवा. मायक्रोबायोमवाल्यांनी (पोटातल्या बॅक्टेरियांचा अभ्यास करणाऱ्यांनी) आरएनए-लेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावात ठेवलेलं सॅम्पल वापरू नका, त्यात अमोनियम सल्फेट ठासून भरलेलं असतं, ते मास स्पेकला चालत नाही.

पेशंटला अँटिबायोटिक आणि पोट साफ करायची औषधं विचारून लिहून ठेवा. त्यातलं पीईजीवालं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) औषध घेतलं असेल तर स्पेक्ट्रममध्ये ४४-४४ डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) अंतराने पीकची रांग लागते आणि बाकीचे सिग्नल दबून जातात.

आता एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे स्टूलमधून मेटाबोलाइट द्रावात काढणं. साधारण १०० मिलिग्रॅम गोठलेलं स्टूल, १ मिली गार ८० टक्के मिथेनॉल, त्यातच आधीपासून इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात घातलेले ओळखीचे रेणू) घातलेले, झिरकोनियाचे मणी टाकून बीड बीटरला (मण्यांसकट ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) लावा, पण सलग नको, ३० सेकंद फिरवा, बर्फावर ठेवा, परत फिरवा, नाहीतर ट्यूब तापते. मग उणे २० ला तासभर ठेवा म्हणजे प्रोटीन खाली बसतात, ४ डिग्रीला १५,००० जी वर १५ मिनिटं स्पिन करा आणि गाळाला धक्का न लावता वरचा द्रव अलगद काढून ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. रिकाम्या ट्यूबचा ब्लँकही याच वाटेने न्या, प्लास्टिकमधून काय येतं ते त्यातच कळतं.

शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिडसाठी मात्र वेगळी ट्यूब ठेवाच! अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट हे उडून जाणारे, त्यामुळे सॅम्पल फ्रीज ड्राय केलं किंवा एक्स्ट्रॅक्ट नायट्रोजनखाली सुकवलं की बराचसा माल गेला समजा, आणि नेमकं ब्युटिरेटच तर लोकांना हवं असतं. एलसी-एमएसवर (लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक) करायचं तर ३-एनपीएच आणि ईडीसी ही रसायनं वापरून डेरिव्हेटाइज करा, म्हणजे त्यांना न उडणारं, नीट दिसणारं रूप द्या, नाहीतर अ‍ॅसिड घालून ईथरमध्ये काढा आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी) टाका. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारं यंत्र) हाताशी असेल तर मला तोही आवडतो, फॉस्फेट बफरमध्ये पीएच ७.४ ला बांधून लावला की काही उडायची भीती कमी, फक्त कमी प्रमाणातल्या गोष्टी दिसत नाहीत.

बाइल अ‍ॅसिडमध्ये (पित्तातली आम्लं) घाई करू नका. डीऑक्सिकोलिक, किनोडीऑक्सिकोलिक आणि अर्सोडीऑक्सिकोलिक, तिघांचं वस्तुमान अगदी सारखं, मास स्पेकच्या निगेटिव्ह मोडला (ऋण भार असलेले आयन मोजताना) तिघेही ३९१.२८ लाच दिसतात, त्यामुळे सी-१८ कॉलमवर (रेणू वेगळे करणारी नळी) तिघांचे पीक वेगळे झाल्याशिवाय आणि खरं स्टँडर्ड चालवून रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) जुळल्याशिवाय नाव लिहू नका, नुसत्या डेटाबेसमध्ये मास जुळला म्हणून ओळख पटली असं होत नाही.

रन लावताना सगळ्या सॅम्पलचा थोडा थोडा भाग एकत्र करून पूल्ड क्यूसी (यंत्राचे आकडे स्थिर आहेत ना ते तपासायचं सॅम्पल) बनवा आणि दर ८-१० इंजेक्शननंतर लावा, सॅम्पलचा क्रम रँडम ठेवा. शेवटचं काम म्हणजे नॉर्मलायझेशन, सगळ्या सॅम्पलचे आकडे एकाच मापावर आणणं. स्टूलमध्ये साधारण ७५ टक्के पाणी असतं, जुलाब झालेल्याच्यात त्याहून जास्त, म्हणून ओल्या वजनावर भागू नका, त्याच सॅम्पलचा एक वेगळा वजन केलेला तुकडा सुकवून कोरडं वजन काढा आणि त्याने भागा.