थर्माकोलच्या पेल्यात उदासिनीकरणाची उष्णता मोजताना

या प्रयोगात तापमापी दाखवतो ते उत्तर नव्हे. उत्तर म्हणजे आम्ल आणि अल्कली मिसळून एक मोल (पदार्थाच्या प्रमाणाचे एकक) पाणी तयार होताना निघणारी उष्णता. आम्ल आणि अल्कली दोन्ही दुप्पट घेतले तरी तापमान तेवढेच वाढते. उष्णता दुप्पट निघते, पण तापवायचे द्रावणही दुप्पट झालेले असते. म्हणून शेवटी मोलने भागावेच लागते.

झाकणाचा थर्माकोलचा पेला काचेच्या चंचुपात्रात बसवा. पिपेटने १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मि.लि. पेल्यात घ्या, १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ५० मि.लि. वेगळे ठेवा. दोन्हींचे तापमान सारखे होऊ द्या. सोडियम हायड्रॉक्साइड विरघळतानाच द्रावण तापते, म्हणून ते ताजे आणि कोमट वापरले की हिशेब तिथेच बिघडतो. उघडे ठेवलेले द्रावणही नको. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि सौम्य होते.

आम्लाचे तापमान तीन मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला नोंदवा. मग अल्कली एकदम ओता (थेंबथेंब नाही, हे अनुमापन नव्हे), झाकण लावा, ढवळत राहा आणि पुढची पाच-सहा मिनिटे नोंदी चालू ठेवा. तापमापी ०.१ अंशाचा हवा. एक अंशाच्या खुणांवर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि इथे वाढच जेमतेम सात अंशांची आहे.

समजा, सर्वांत मोठे वाचन ६.६ अंश वाढ दाखवते. तेच घेतले, १०० मि.लि. द्रावण १०० ग्रॅम धरले आणि १ ग्रॅम द्रावण १ अंशाने तापवायला पाण्याइतकीच ४.१८ जूल उष्णता लागते असे मानले तर:

१०० ग्रॅम × ४.१८ × ६.६ = २७५९ जूल

१ मोलारच्या ५० मि.लि. द्रावणात ०.०५ मोल असतात, त्याने भागून ५५.२ किलोजूल प्रति मोल. पण मिसळताना थोडी उष्णता निसटलेली असते. आलेखावरची उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवा. वाढ ६.८ अंश निघाली, तर उत्तर ५६.८ होते. पाठ्यपुस्तकातला आकडा ५७ च्या आसपास असतो.

आता चिन्ह, जिथे सर्वाधिक गुण जातात. द्रावणाने उष्णता घेतली म्हणून त्याची बाजू धन. ती अभिक्रियेने दिली, म्हणून एन्थाल्पी बदल (अभिक्रियेच्या बाजूने मोजलेली उष्णता) −५६.८.

ॲसिटिक आम्ल घेतल्यास आकडा किंचित कमी येतो. ते पाण्यात पूर्ण आयनीभूत नसते, आणि उरलेले रेणू आयनीभूत करण्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते.