इंजिनाची टिकटिक: आधी ऑइल, मग टॅपेट

बाईकच्या इंजिनातून टिकटिक ऐकताच टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) आवळायला सांगू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आधी ऑइल बघा: गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी. मग इंजिन चालू करून लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर लावा. आवाज तिथंच ठळक आला तर टॅपेट. सायलेन्सरच्या बेंडपाशी फट्‌फट् आणि काजळी असेल तर तिथल्या जोडातलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) गेलंय. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, मॅग्नेटची 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर) जुळवून, कॉम्प्रेशन स्ट्रोकवरच, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना मोजा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिमी लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमधला. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडत सरकावं. जास्त आवळलं तर आवाज जातो खरा, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.